तेल प्यालेला चेंडू

मी वेगवान गोलंदाज होतो. हे मी आता कुणाला सांगत नाही, कारण ऐकणारा आधी माझ्या पोटाकडे बघतो आणि मग विचारतो, कुठून खेळलात? वाशीमकडून म्हटलं की त्याचं समाधान होतं आणि तो विषय बदलतो. माझी सगळी कारकीर्द त्या एका शब्दात मावते, त्याला तरी काय दोष द्यायचा.

सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. वाशीम तेव्हा जिल्हा नव्हता, अकोला जिल्ह्यातला तालुका होता. आणि आपल्या देशात वेगवान गोलंदाज म्हणजे पंगतीतलं मीठ होतं. पानावर सगळ्यात आधी वाढायचं आणि नंतर त्याच्याकडे कुणी बघायचं नाही. सामने जिंकून द्यायचे ते फिरकीवाल्यांनी. नव्या चेंडूची चकाकी फिरकीला नडते, म्हणून ती घालवण्यापुरतं कुणीतरी दोन-चार षटकं पळायचं, एवढंच आमचं काम. देशाच्या संघात जे चालायचं तेच आमच्या वाशीमच्या संघात. आमचा कप्तान तर मला तेवढंही पळू देत नसे. नवा चेंडू हातात आला की तो उकिडवा बसायचा आणि राखेनं तवा घासावा तसा चेंडू जमिनीवर घासायचा. चेंडूचा लाल रंग मातीला लागायचा आणि मी दुसरीकडे बघायचो.

कप्तान कापडाचं दुकान असलेल्या जैन घरातला. बॅटी, स्टंप, काथ्याची मॅट, ती ठोकायचे खिळे, सगळं त्याच्या घरचं, त्यामुळे कप्तान तोच का, हे कुणी विचारत नसे. माणूस वाईट नव्हता. स्वतः फिरकी टाकायचा आणि बरी टाकायचा. सूर्य बुडायच्या आत त्याला घरी जेवायला पोचावं लागे, म्हणून आमचे सामने उन्हं उतरायच्या आत उरकायचे. मी जऊळक्याहून पॅसेंजरनं यायचो आणि ती गाडी कधी वेळेवर आल्याचं मला आठवत नाही. “आला का आपला फास्ट पॅसेंजर? आज कितीक लेट हाये बे?” असं तो ओरडायचा. सगळे हसायचे, मीही हसायचो. पाणी प्यायची वेळ आली की मात्र मी ओंजळ पुढे करायचो आणि कुणीतरी वरून ओतायचं. असं कर, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि नको करू, हेही कुणी सांगितलं नाही. चेंडू मात्र सगळ्यांच्या हातांतून फिरायचा.

माझे वडील जऊळक्याला रेल्वेत गँगमन होते. रुळाखालची गिट्टी हा माझा पहिला चेंडू. स्टेशनापुढच्या तारेच्या खांबावर मी गिट्टी मारायचो आणि खांब वाजला की मला बरं वाटायचं. पुढे कॉर्कचा चेंडू मिळाला. गोलंदाजी कशी करतात हे मी एका फोटोवरून शिकलो. गूळ बांधून आलेल्या वर्तमानपत्राच्या कागदावर एका परदेशी गोलंदाजाचा फोटो होता. तो हवेत होता. डावा हात आभाळाकडे, उजवा मागे, तोंड वाकडं. हवेत जायच्या आधी काय करायचं आणि खाली आल्यावर काय, हे त्या कागदावर नव्हतं. ते माझं मला जुळवावं लागलं. पुढे मोठ्या गावातला एकजण मला म्हणाला की तुझी उडी कुठेतरी पाहिल्यासारखी वाटते, बाकीचं मात्र कुठंच पाहिलेलं नाही.

पण वेग होता. हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. आसेगावला एका सामन्यात माझ्या चेंडूनं मधला स्टंप मोडला. त्याला आतून कीड लागली होती, असं नंतर कळलं, पण बातमी पसरली ती स्टंप मोडल्याची. पसरत पसरत ती नागपूरला गेली. तिथले एक गृहस्थ शिबिरासाठी पोरं बघत विदर्भभर फिरत होते. ते वाशीमला येणार आणि रविवारचा सामना बघणार, असं ठरलं.

इकडे बाबांनी माझं वेगळंच ठरवलं होतं. त्यांनी मुकादमाच्या कानावर घालून ठेवलं होतं आणि उन्हाळ्यात गँगमध्ये भरती झाली की माझ्या हातात सब्बल, म्हणजे पहार, येणार हे नक्की होतं. त्यांना माझ्या खेळाचा राग नव्हता. तो त्यांच्या खिजगणतीतच नव्हता. पाऊस पडतो, गाड्या जातात, पोरगं चेंडू फेकतं. मी कुठे जातो, काय खेळतो, हे त्यांनी मला कधी विचारलं नाही. म्हणजे हिशेब सरळ होता. नागपूरच्या माणसानं उचललं तर मी सुटलो. नाही उचललं तर जन्मभर त्याच रुळावर वाकून गिट्टी.

कप्तानानंही या वेळी मन मोठं केलं. “त्याईले फास्टवालाच पाहाचा हाये. या बारी मी चेंडू नाई घासत. पाच ओव्हर तुह्या,” तो म्हणाला. मी त्याला म्हटलं, मग चेंडू दोन दिवस माझ्याजवळ राहू दे. नवा कोरा चेंडू माझ्या बोटांत कधी राहिलाच नव्हता, त्याच्या शिवणीशी ओळख तरी होऊ दे. त्यानं जरा विचार केला आणि दिला. “सांभायजो. अकोल्यावरून आनला हाये, दुसरा नाई.”

तो चेंडू मी रुमालात बांधून घरी आणला. बाबा ओट्यावर बसले होते. मी तो त्यांना दाखवला, का कुणास ठाऊक. त्यांनी हातात घेतला, नाकाला लावला, अंगठ्यानं दाबून पाहिला.

“चामड्याचा हाये?”

“हो बाबा.”

“लय कोरडा हाये,” म्हणाले आणि परत दिला. माझ्या खेळाबद्दल आमच्या दोघांत झालेलं ते पहिलं बोलणं. मी खूश झालो.

आता बाबांच्या तेलाबद्दल सांगायला हवं. दर हिवाळ्यात गँगकडे एक काम असे. जिथे दोन रूळ जोडलेले असतात तिथल्या लोखंडी पट्ट्या खोलायच्या, गंज खरवडायचा, तेल द्यायचं आणि बोल्ट आवळून पुन्हा बसवायच्या. बाबांची जिंदगी त्यात गेली होती आणि त्यातून त्यांनी जगाचा एकच नियम काढला होता. ज्याला तेल मिळालं ते टिकलं, ज्याला नाही मिळालं ते तडकलं. नवी वहाण आणली की ती पायात घालायच्या आधी एरंडीच्या तेलात मुरायची. दाराची बिजागरी, विहिरीचा रहाट, बैलगाडीचा आस, आईचे केस, शेजाऱ्याचा दुखरा गुडघा, सगळ्यांवर औषध एकच. आमच्याकडे लोक त्यांना हसायचे, पण तेल मागायलाही त्यांच्याकडेच यायचे.

शनिवारी मी मॅट अंथरायला आणि खिळे ठोकायला वाशीमला गेलो. चेंडू मुद्दाम घरी ठेवला, मातीत पडू नये म्हणून. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. परत आलो तर ओट्यावर वनस्पती तुपाचा रिकामा डबा उन्हाच्या कवडशात ठेवलेला. बाबा त्याच्या शेजारी बसून होते. डब्यात एरंडीचं तेल होतं आणि तेलात चेंडू.

“सकायपासून उनात ठेवला होता,” बाबा म्हणाले. “मस्त तेल पेला त्यानं. आता पाहाजो, तडकत नाई.”

त्यांनी तो दोन बोटांनी बाहेर काढला, जुन्या धोतराच्या फडक्यानं पुसला आणि माझ्या तळहातावर ठेवला. लाल रंग गेला होता. चेंडू काळपट झाला होता, वजनानं जड लागत होता. मी अंगठ्यानं दाबला तर अंगठ्याचा ठसा उमटला. शिवण फुगून आजूबाजूच्या चामड्यात बुडाली होती. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. इतकं निरखून त्यांनी माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. मला राग आला होता, इतका की कानशिलं गरम झाली होती, आणि त्या रागाला जायला कुठे वाट नव्हती. दुसऱ्या पोरांचे बाप सामन्याआधी मारुतीपुढे नारळ फोडायचे. आमच्या घरातून नारळ छप्पन सालीच गेले होते, धम्म घेतला तेव्हाच. आशीर्वाद द्यायला माझ्या बापाजवळ तेलाशिवाय काही उरलं नव्हतं.

“चांगलं झालं बाबा,” मी म्हणालो.

मग घरामागं जाऊन मी तो चेंडू ज्वारीच्या पिठात घोळायला लागलो. पीठ तेल ओढून घेईल अशी आशा होती. थोडं ओढलंही, पण जितकं पुसावं तितकं आतून पुन्हा येत होतं. पीठ कमी पडलं म्हणून चुलीतली राख घेतली. आई शेणी घ्यायला आली आणि बघत उभी राहिली.

“कायले घासून राह्यला?”

मी सांगितलं. चेंडू मेला, उद्याचा दिवस गेला, सगळं सांगितलं. आवाज चढला तसं तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. तिच्या हाताला शेणाचा वास होता.

“त्याईले सांगू नोको,” ती म्हणाली. “आजवर त्याईनं तुह्या खेयाले हात नाई लावला. आज पह्यल्यांदा लावला.”

आणि शेणी उचलता उचलता म्हणाली, “उद्या पाहाले येतो म्हनून राह्यले.”

रविवारी बाबा माझ्याबरोबर पॅसेंजरनं आले. धुतलेलं धोतर, सणासुदीचा सदरा, वहाणा तेलानं चमकवलेल्या. मैदानाच्या कडेला एक लिंब होता, त्याच्याखाली ते एकटेच बसले. नागपूरचे गृहस्थ मांडवात खुर्चीवर, डोक्याला पांढरी टोपी. मी कप्तानाच्या हातात चेंडू दिला. त्यानं तो पाहिला, हुंगला.

“अबे, हे काय? तेलमालिश करून आनली का चेंडूची?”

“तेलात पडला.”

“घरातल्या घरात तेलात कसा पडते बे?”

तो चिडला होता, आणि त्याचं चिडणं बरोबर होतं. पण त्यानं पिशवीतून जुना चेंडू काढला. चांभाराकडून टाके मारून आणलेला होता. “हा टाक. टाके मारलेला हाये, पन कडक तरी हाये. त्याईले सांगतो मी काईतरी.”

तो क्षण मी पुष्कळ वेळा उलटून पाहिला आहे. जुना चेंडू चालला असता. स्टंप मोडला नसता, पण फलंदाजाच्या छातीपर्यंत उसळला असता, खांब वाजला असता. मी लिंबाखाली पाहिलं. बाबांनी शेजारी एक अनोळखी माणूस गाठला होता आणि ते त्याला बोट दाखवून काहीतरी सांगत होते. बोट माझ्याकडे नव्हतं, माझ्या हाताकडे होतं. चेंडूकडे.

“हाच टाकतो,” मी म्हणालो.

“तुह्यी मर्जी,” कप्तान म्हणाला. “पन मंग पाच नाई भेटत, दोनच.”

मी सगळा जीव एकवटून पळालो. उडी फोटोतल्यासारखी झाली. चेंडू मॅटवर भद्दकन पडला आणि तिथेच दमला. फलंदाज वाट बघत उभा राहिला, मग त्यानं तो सावकाश सीमेबाहेर हाणला. चेंडू परत आला तो मैदानातली काळी माती अंगाला लावून. पुढचा बोटांतून निसटला आणि यष्टिरक्षकाच्या डोक्यावरून गेला. त्यानंतरचा हातातून सुटताच पायाशी पडला. मी पळत राहिलो. दुसऱ्या षटकात तर फलंदाज हसत होता, आणि मांडवातून कुणीतरी ओरडलं, “गाडी यार्डात गेली रे!” दोन षटकं संपली तेव्हा तो चेंडू उकडलेल्या कांद्यासारखा मऊ झाला होता. कप्तानानं तो पंचाकडे दिला, टाके मारलेला घेतला आणि फिरकी सुरू केली. त्या दिवशी त्यानं फार सुंदर गोलंदाजी केली.

नागपूरचे गृहस्थ जाताना माझ्याजवळ थांबले. “तुझ्याबद्दल बरंच ऐकलं होतं,” ते म्हणाले. “वेग काही दिसला नाही. धावतोस मात्र छान.” चेंडूबद्दल मी बोलू शकलो असतो. पण नाचता येईना अंगण वाकडं, हेच त्यांना ऐकू आलं असतं, आणि बाबा दहा पावलांवर वहाणा झटकत उभे होते.

शिबिरासाठी त्यांनी कप्तानाला निवडलं. तो गेला नाही. तिथे रात्रीचं जेवण दिवे लागल्यावर असतं आणि भाजीत कांदा-बटाटा असतो, असं त्याला कळलं. घरचे म्हणाले, राहू दे. तोही म्हणाला, राहू दे, आणि संध्याकाळी दुकानात जाऊन बसला. ज्याला ते हवं होतं त्याला मिळालं नाही आणि ज्याला मिळालं त्याच्या आड जेवणाची वेळ आली. ती जागा नुसतीच वाया गेली, हे मला माझ्या हुकण्यापेक्षा जास्त लागलं.

परतीच्या गाडीत बाबा खिडकीशी बसले होते. बराच वेळ ते बाहेर बघत होते, बहुतेक रुळांचे सांधे मोजत असतील.

“चेंडू कसा होता?”

“चांगला होता बाबा.”

“हातात बसत होता?”

“हो.”

जऊळक्याचा सिग्नल दिसायला लागला तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “मंग तुह्याच्यानं काहून नाई झालं?”

मी उठून दारात जाऊन उभा राहिलो.

उन्हाळ्यात भरती झाली आणि मी गँगमध्ये लागलो. मुकादम पहिल्याच दिवशी म्हणाला, हाच का तो चेंडू फेकणारा? बाबांनीच उत्तर दिलं. “चेंडूत खोट नोती. म्या सोता तेल देल्लं होतं. पोट्ट्यातच दम नोता, कोनाले बोल द्याचा?” त्यांच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. रुळाखालचं लाकडी सिल्पट कुजलं असेल तर कुजलं म्हणावं, तसं ते म्हणाले. पुढे हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की ते मला पाठ झालं. पाहुण्यांसमोर, लग्नात, माझ्या सासऱ्यांसमोरसुद्धा. आई तिथे असली की उठून आत जायची. मी तिच्याकडे बघायचो नाही, ती माझ्याकडे बघायची नाही.

दशक सरता सरता देशाला एक खरा वेगवान गोलंदाज मिळाला. त्याचं नाव सगळ्यांना माहीत आहे. नव्या चेंडूनं गडी बाद होतात, चेंडू घासायचा नसतो, जपायचा असतो, हे आपल्या लोकांना तेव्हा कळलं. वाशीमच्या मैदानावर पोरं एकाएकी लांबून पळत यायला लागली. मला कुणी बोलावलं नाही, आणि बोलावलं असतं तरी खांदा गिट्टीनं भरून आला होता.

त्या खऱ्या गोलंदाजाचा सगळ्यात मोठा चाहता आमच्या घरात निघाला. बाबांनी ट्रान्झिस्टर घेतला. त्यांना षटक म्हणजे काय हे नीट कळत नव्हतं, पण त्या गोलंदाजाचं नाव आलं की ते हात वर करून सगळ्यांना गप्प करायचे. ज्या माणसानं माझा खेळ एकदाच पाहिला, त्यानं त्या गोलंदाजाचा एकेक चेंडू ऐकला. मी जेवायला बसलो की मला त्याचे बळी सांगायचे. मी भाकरी मोडायचो आणि हूं म्हणायचो. मला त्या गोलंदाजाचा कधी राग आला नाही. बाबांचाही आला नाही, असं म्हणालो तर ते खोटं ठरेल.

बाबांचा नोकरीतला तो शेवटचा हिवाळा. सांध्यांना तेल द्यायचं काम चाललं होतं. पट्ट्या खोलून मी खरवडत होतो, ते डब्यातून तेल देत होते. ट्रान्झिस्टर गिट्टीच्या ढिगावर ठेवला होता. हिंदीतून सांगणाऱ्याचा आवाज चढला, चेंडू शेवटच्या क्षणी बाहेर निघाला, फलंदाज चकला, गडी बाद. लोकांचा गलका झाला. बाबांनी तेलाचा डबा खाली ठेवला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

“त्याचा बी बाप घरी चेंडूले तेल देतच असंन,” ते म्हणाले. “त्याबिगर इतका सरकत नाई. फक्त पोरगा चांगला निंगाला.”

मी पट्टी सांध्यावर बसवली आणि बोल्ट आवळला.

“हो बाबा,” मी म्हणालो.